विहीणबाईंशी माझ्या तोंडाने

माझ्या मुलीने लग्न ठरवलं ते जपानी मुलाशी. दोघं वांद्र्याला एकाच ऑफिसात आहेत. मुलगा गुणी आहे, माझ्या हातची काळ्या वाटाण्याची उसळ मागून खातो आणि मोडक्यातोडक्या हिंदीत मला हसवतो. त्याला वडील नाहीत, माझ्या मुलीलाही नाहीत. म्हणजे दोन्हीकडे उरलो आम्ही दोघी आया. त्याची आई चार दिवस मुंबईला येणार असं ठरलं, तेव्हा मुलगी मला म्हणाली, "आई, तू टेन्शन घेऊ नकोस. तू फक्त हस. बाकी सगळं मी सांगते ना तिला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साकीनाक्याच्या कारखान्यात पॅकिंगच्या तीस बायका माझ्या हाताखाली आहेत. आवाज चढवल्याशिवाय जे जागचे हलत नाहीत अशा लोकांकडून मी वर्षानुवर्षं काम करून घेतलंय. आणि पोटची मुलगी ज्या घरात द्यायची, त्या घरच्या बाईसमोर मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसू? मला माझ्या विहिणीशी माझ्या तोंडाने बोलायचं होतं. फार नाही, चार वाक्यं. पण मध्ये दुभाषी नको.

मुलीला काही सांगितलं नाही. मोबाइलवर एक बाई जपानी शिकवते ते सापडलं, शंभर पानी वही आणली आणि देवनागरीत उतरवायला लागले. 'हाजिमेमाश्ते' म्हणजे पहिल्यांदा भेटताना म्हणायचं. 'ओइशीई' म्हणजे चवदार. 'सुमिमासेन' हा शब्द तर माझा लाडकाच झाला, कारण तो माफी मागायलाही चालतो, कुणाला हाक मारायलाही आणि गर्दीत पुढे सरकायलाही. घाटकोपर स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत मध्येच घुसणाऱ्या एका माणसाला मी तो इतक्या जोरात ऐकवला की बिचारा मुकाट मागे गेला.

पाठांतर मात्र पालथ्या घड्यावर पाणी. सकाळी पाठ केलेलं जेवणाच्या सुट्टीपर्यंत उडून जायचं. मग खोक्यांवर लेबल लावता लावता पुटपुटायचे. शेजारच्या टेबलावरची माझी मालवणची मैत्रीण म्हणाली, "काय पुटपुटतंस गो? देव अंगात इलो काय?" तिला खरं सांगितलं. ती हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून माझी वही हातात धरून तीच माझी परीक्षा घ्यायला लागली, आणि चुकले की टेबलावर टेपचं रीळ आपटायची. सासू परवडली असती.

विहीणबाई आल्या. लहानखुऱ्या, पांढरे केस आखूड कापलेले, हातात गोडाचा डबा. मी दारातच वाकून सगळं म्हटलं, न अडखळता. मुलगी बघतच राहिली. आणि विहीणबाईंना एवढा आनंद झाला की त्या सुटल्याच, पाच मिनिटं धाडधाड जपानी. मला एक अक्षर कळलं नाही. मुलीने तोंड उघडलं, तशी मी हात वर केला आणि म्हटलं, "युक्कुरी ओनेगाई शिमास." सावकाश बोला, एवढंच. त्या थांबल्या आणि एकेक शब्द सुटा करून बोलायला लागल्या. पाऊस, विमान, घर, मुलगा. चारातले दोन कळले. मला तेवढे पुष्कळ होते.

जेवताना घोटाळा केला तो मीच. दोन घावणे झाल्यावर त्या म्हणाल्या, "ओनाका इप्पाई देस." पोट भरलं. मला कळलं होतं, लख्ख कळलं होतं. पण कळलं म्हणून कोण वाढायचं थांबतं? पहिल्यांदा नको म्हणतं तो पाहुणा, आणि त्यावर आग्रह करते ती यजमानीण. मी तिसरा वाढला, चौथाही वाढला. त्यांच्यात ताटात टाकत नाहीत, त्या सगळं संपवत गेल्या. शेवटी जावई माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आई, बस. मम्मी मर जायेगी." मी "सुमिमासेन" म्हटलं, तर विहीणबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी आपल्या बायकांसारखाच ताटावर आडवा हात धरला. शिकत त्याही होत्या.

चौथ्या दिवशी त्या निघाल्या. खाली टॅक्सी उभी होती. निरोपाचा शब्द मी पाठ केला होता, 'सायोनारा.' पण दारात ऐन वेळी तो तोंडातून निघेना. आपल्याकडे कुणी घरातून निघताना 'जाते' म्हणत नाही, आणि हे तर कायमचं गेल्यासारखं वाटत होतं. वहीत दुसरं एक वाक्य होतं, मी त्यांचे दोन्ही हात धरून तेच म्हटलं, "इत्ते इराश्शाई." जाऊन या.

मुलगी हळूच म्हणाली, "आई, हे पाहुण्यांना नाही म्हणत गं. सकाळी ऑफिसला, शाळेला निघालेल्या घरच्या माणसाला म्हणतात."

"मग?" मी म्हटलं. "कुठे चुकलं?"

विहीणबाईंनी मुलीकडे पाहिलंच नाही. घरची लेक शाळेला निघताना जे उत्तर देते, तेच त्यांनी दिलं, माझ्यासाठी एकेक शब्द सुटा करून.

"इत्ते. किमास."

जाऊन येते.