बायजाच्या होडीचा भाव

ठाण्याच्या खाडीवर कुणाला जुनी होडी विकायची झाली, की भाव धाकू सांगायचा. तो होडीभोवती एक फेरी मारी, बोटाच्या पेराने एकेक फळी ठोकी, कान लावी आणि आकडा बोले. मग त्या होडीवर नारळ फुटला, की घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने पुन्हा तोंड उघडायचं नाही, असा रिवाज. उभा जन्म हातोडा हाणून होड्या दुरुस्त केलेला हा सुतार. "माणूस खोटं बोलेल, लाकूड बोलणार नाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य. सुरी टोचून लाकूड तपासणाऱ्यांना तो नवशिके म्हणे. एकंदरीत स्वतःबद्दल त्याचं मत बरंच चांगलं होतं.

गेली दोन वर्षं मात्र धाकू लाकडावर नाराज होता. जी फळी ठोकावी ती बद्द वाजे. सागवानच पूर्वीचं राहिलं नाही, असं म्हणत त्याने या काळात चार होड्या मातीमोल ठरवल्या. नाराजी लाकडापुरतीच नव्हती. बायको नंदा चिडकी झाली होती, जेवायला वाढलंय हेसुद्धा ओरडून सांगायची. नातवंडं तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. सगळं जग बिघडलंय आणि आपण तेवढे शाबूत, ही त्याची समजूत. आता तो हे स्वतःच सांगतो. सांगताना स्वतःला ज्या शिव्या घालतो, त्या इथे गाळल्या आहेत.

तर शेजारची बायजा होडी विकायला निघाली. नवरा गेल्यावर दहा वर्षं तिने एकटीने ती चालवली, पण आता गुडघे साथ देईनात. होडीचे साठ हजार आले तर बाजारात सुक्या मासळीचं दुकान टाकायचं, एवढंच तिचं गणित. डोंबिवलीच्या मोठागावातून जगन नावाचा तरुण होडी बघायला आला. धाकूने फेरी मारली, फळ्या ठोकल्या, मान हलवली.

"पस्तीस. आतून कुजलीय."

बायजाचा चेहरा उतरला. पण धाकूच्या शब्दापुढे कोण बोलणार? "तू बोलशील तसं, दादा," एवढंच ती म्हणाली. जगन खुशीत नारळ आणायला पळाला.

नारळ पारखायचा मानही धाकूचाच. त्याने नारळ कानाशी हलवला. पाणी नाही.

"सडका हाय. दुसरा आण."

दुसराही तसलाच. तिसऱ्याला तर धाकूने दुकानदाराचा बापजादा काढला. जगन चाचरत म्हणाला, "काका, पाणी वाजतंय की."

बायजाचं डोकं आधीच फिरलं होतं. तिने एक नारळ उचलला आणि धक्क्याच्या पायरीवर आपटला. पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळलं. खोबरं पांढरंशुभ्र.

धाकूने उरलेल्यांतला एक पुन्हा कानाशी धरला आणि जोरजोरात हलवला. काहीच नाही. समोर जगन मात्र 'बघा, ऐका' अशा नजरेने उभा होता. धाकूने नारळ खाली ठेवला. चार होड्या, नंदाची ओरड, नातवंडांची पुटपुट, सगळं एका दमात त्याच्या ध्यानात आलं. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. दोन नारळ शिल्लक होते, पस्तीस ठरलेच होते, आणि चाळीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. त्याने बायजाकडे पाहिलं. ती हात पुसत होती आणि रडू येऊ नये म्हणून होडीकडे बघत नव्हती.

"बायजा, तुझी सुरी दे."

नवशिक्यासारखा तो गुडघ्यांवर बसला आणि फळी फळी टोचत गेला. दोन ठिकाणी सुरी आत गेली. बाकी सगळीकडे टोक अडलं.

"साठ," तो म्हणाला. "त्यातनं दोन फळ्यांचे चार काढ. छप्पन."

"मघाशी कुजलेली, आता बरी झाली?" जगन भडकला.

"ती बरीच होती रे. माझे कान गेलेत."

हे बोलताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जगनने सुरी हिसकावून स्वतः सगळी होडी टोचून पाहिली, थोडा वेळ कुरकुरला आणि छप्पनला तयार झाला. धाकूने न हलवता नारळ फोडला.

जगन गेल्यावर धाकू पायरीवर बसला. मग चाचरत म्हणाला, "त्या चारांतली भगवानची होडी मी वीस हजाराला घालवली. तरी बिचारा रोज संध्याकाळी इथे माझ्याशी बोलतो. मी पण हसून मान हलवतो."

बायजा त्याच्या कानाशी वाकली.

"तो तुला आयमाईवरनं शिव्या देतो, दादा. रोज. आमाला वाटायचं, धाकूचं काळीज केवढं मोठं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच धाकू भगवानच्या घरी गेला आणि त्याच्या अगदी जवळ स्टूल ओढून बसला.

"आता मोठ्याने बोल," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासनं सगळं सांग."