जवानाला विचारलं का?

लष्करी अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमाची गुणवत्ता तपासण्याचं काम माझ्याकडे होतं. सुटीत गावी जाताना धारूरच्या घाटात बस बिघडली. रस्त्याच्या कडेला शेळ्या राखणारी एक बाई एकेका शेळीचा खूर उचलून काटा काढत होती. काय करता म्हणून तिनं विचारलं, मी माझं काम सांगितलं.

"सायब चांगला घडला का, हे कोनाला इचारता?"

"वरिष्ठांना. प्राध्यापकांना."

"माझा ल्योक जवान हाय. सायबाच्या हुकमावर त्योच पुढं जातो. त्याला इचारलं का?"

तिनं पुढची शेळी ओढली.

परतल्यावर पहिली प्रश्नावली मी जवानांसाठी काढली. बहुतेकांनी लिहिलं, "साहेबांना ऐकून घ्यायला शिकवा." आता आमच्याकडे त्याचे तास असतात.