सुवर्णाच्या चौदा बाया

माझी सून सुवर्णा सोळा वर्षं एकाच कॉलेजात मराठी शिकवते आणि सोळा वर्षं ती तिथे पाहुणी आहे. तासिका तत्त्वावर म्हणतात त्याला. जेवढे तास घेतले तेवढं मानधन, उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरी. दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत, आणि पुन्हा तोच फळा. त्या कॉलेजातला शिपाई कायम आहे, बागेतला माळी कायम आहे, वर्गात उभी राहणारी बाई तेवढी कायम नाही. मी एकदा म्हटलं, "सुवर्णा, तू माळ्याच्या जागेचा अर्ज भर." ती हसायला लागली आणि अर्ध्यातच थांबली.

ती इगतपुरीची. वडील रेल्वेत गँगमन, रूळ सांभाळणारे. लग्न होऊन नाशिकरोडला आमच्या कॉलनीत आली तेव्हा सोबत पुस्तकांची पत्र्याची पेटी होती. भांडी तिच्या भावाने आठवड्याने आणून दिली. शेजारणींना भांड्यांची काळजी. मी पेटी उघडून पाहिली. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला एवढी पुस्तकं पाहून आधी धाक वाटतो, मग ती कुठे ठेवायची हा प्रश्न पडतो. माझा मुलगा धम्मपाल म्हणाला, "आई, पलंगाखाली." आजही तिथेच आहेत.

कॉलेजात लागली त्या पहिल्या वर्षी स्टाफरूममध्ये ती घाईत बोलून गेली, "मला लय काम हाय मॅडम." झालं. वर्षभर तिथल्या एक मोठ्या मॅडम तिला पाहिलं की म्हणायच्या, "काय सुवर्णाताई, लय काम हाय का?" सगळे हसायचे, ही पण हसायची. घरी येऊन आरशासमोर बोलून बोलून तिने जीभ सरळ केली. मराठी शिकवणाऱ्या बाईला स्वतःचं मराठी लपवून ठेवावं लागलं.

प्राध्यापक व्हायला लागते ती सेटची परीक्षा दोनदा थोडक्यात हुकली. मग कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी, म्हणून तिने प्रबंध धरला. विषय पाण्याचा. आपल्या जिल्ह्यात ज्या बायकांनी जन्मभर डोक्यावर पाणी वाहिलं, त्यांच्या आठवणी. रविवार आणि सुट्ट्या धरून ती एसटीने इगतपुरी, पेठ, कळवण करत हिंडली. इगतपुरीकडे एवढी धरणं, आणि धरणाच्या वरच्या अंगाच्या बाया चैतात हंडा घेऊन डोंगर उतरतात. सहा वर्षांत तिने तेरा बायांना बोलतं केलं. चौदावी मी. माझं माहेर घोटीजवळचं, पाण्याचं मला काय कमी माहीत. स्वयंपाकघरात भाजी निवडत मी बोलले आणि ती वहीत उतरवत गेली, जसं बोलले तसं. हातानेच लिहायची. अशा चौदा वह्या.

प्रबंध लिहायला घेतला आणि तिथे गाडी अडली. सकाळी कॉलेज, दुपारी स्वयंपाक, संध्याकाळी धम्मपाल कंपनीतून यायचा त्याचं पाहायचं. त्यात मार्गदर्शक मॅडम सांगायच्या, इंग्रजी लेख वाचा, जगात पाण्यावर काय काय लिहिलंय ते आलं पाहिजे. एक लेख वाचायला हिला डिक्शनरी घेऊन दोन दिवस लागायचे. आणि त्याच वर्षी कॉलेजात मराठीच्या कायम जागेची जाहिरात येणार असं कळलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा. मुलाखत जूनमध्ये, आणि पदवी त्याआधी हातात हवी.

तेव्हा कॉम्प्युटर शिकवणारे मनोज सर घरी आले. भला माणूस. तोही तासिकेवरच, त्यामुळे एकमेकांचं दुखणं एकमेकांना कळायचं. त्यांनी तिच्या लॅपटॉपमध्ये तीन बटणं बसवून दिली. इंटरनेट ज्या खिडकीतून बघतात तिला ब्राउझर म्हणतात, आणि त्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात अशी बटणं बसवतात त्यांना एक्स्टेन्शन. मला एवढं समजलं, कारण मी चहा ठेवायचं सोडून तिथेच उभी होते.

"हे पहिलं बटण," मनोज सर म्हणाले, "इंग्रजी लेख उघडायचा आणि दाबायचं. एआय त्याचं सार मराठीत काढून देतं."

"आणि खोटं सांगितलं तर?" मी विचारलं.

"आजी, सांगतं कधी कधी. म्हणून सार वाचून कामाचा लेख निवडायचा, आणि निवडलेला मुळातून वाचायचा."

दुसऱ्या बटणाने वाचलेल्या लेखांची नावं, साल, पान सगळं आपोआप यादीत लागायचं. तिसरं बटण लिहिलेलं नीट करून द्यायचं. वाकडं वाक्य सरळ, लांबलेलं आखूड, बोलण्यातलं लिहिण्यातलं. आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यासारखं, चुरगळलेलं द्यायचं आणि घडी घेऊन यायचं.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दोन बटणांनी तिला हात दिला. दोन दिवसांचा लेख अर्ध्या तासात कळायला लागला. नको ते लेख बाजूला पडले, हवे ते ती रविवारी शांतपणे वाचायची. मान दुखायची थांबली. एका संध्याकाळी ती गुणगुणत कणीक मळत होती. मी धम्मपालला म्हटलं, "ऐक रे, तुझी बायको गाते." तो म्हणाला, "प्रबंध संपत आला वाटतं."

तिसऱ्या बटणाचं असं झालं की आधी एका चर्चासत्रात तिने पेठच्या सुलाबाईचं बोलणं वाचून दाखवलं होतं. सुलाबाई डोंगरातली, तिचं बोलणंही तसंच. ती सांगते, "वाटीवाटीनं झरा उपसायचा. हंडा भरंस्तवर पोराला दोनदा पाजून व्हायचं." हे वाचलं आणि मागच्या रांगेत बसलेले प्राध्यापक लोक हसले. वाईट मनाने हसले असतील असंही नाही. पण सुवर्णाने ते हसणं ओळखलं. घरी आली आणि मला म्हणाली, "आत्या, मला हसले ते चाललं. माझ्या बायांना कुणी हसायला नको."

आणि तिने वहीतलं एकेका बाईचं बोलणं टाईप करून त्या तिसऱ्या बटणाखाली घातलं. सुलाबाईचं वाक्य कसं निघालं ते तिने मला वाचून दाखवलं: "पाणी मिळवण्यासाठी महिलांना बराच वेळ प्रतीक्षा करावी लागत असे."

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "छान आहे की. सुला शिकलेली वाटते." हे माझे शब्द. ते मी विसरत नाही.

"आणि माझं पान?" मी विचारलं.

"ते तिथेच ऐका," ती म्हणाली. "परीक्षेच्या दिवशी तुम्हाला पुढच्या खुर्चीत बसवणार आहे."

प्रबंध वेळेत गेला. मे महिन्यात तोंडी परीक्षेची तारीख आली. ही परीक्षा उघड्या दालनात असते, कुणीही जाऊन बसावं. घरचे लोक येतात, शेवटी परीक्षक उभे राहून नावापुढे डॉक्टर लावतात आणि मग पेढे वाटतात. धम्मपालने रजा टाकली, दोन किलो पेढे आणले. मी पांढरं लुगडं नेसले. मनोज सर मागे बसले होते.

परीक्षक बाहेरगावचे, वयस्कर, बोलायला मऊ. सुवर्णा अर्धा तास बोलली. एकही शब्द अडखळला नाही. मला वाटलं, ही माझी सून.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सुवर्णाताई, तुमचा अभ्यास चांगला आहे. मला एकच अडचण आहे. या चौदा बाया चौदा गावांतल्या. कुणी पेठची, कुणी कळवणची. पण बोलतात सगळ्या एकाच बाईसारख्या. या बाया तुम्हाला खरंच भेटल्या का?"

"भेटल्या सर. सहा वर्षं हिंडले. आणि त्यातल्या एक इथेच बसल्यात. माझ्या सासूबाई. अंबूबाई."

सगळे माझ्याकडे वळले. सरांना आनंद झालेला दिसला. त्यांनी प्रबंधातलं माझं पान काढलं आणि मोठ्याने वाचलं: "बालपणी मला पाणी मिळवताना सामाजिक अडचणींचा सामना करावा लागला. मात्र माझ्या आईने मला सकारात्मक दृष्टिकोन दिला." मग विचारलं, "आजी, हे तुम्ही बोललात?"

मला गंमत वाटली. आयुष्यभर माझी जीभ अशीच आहे, हसू आलं की सुटते. मी म्हटलं, "नाही हो साहेब. एवढं चांगलं मला कुठलं यायला."

दालनात सगळे हसले. मीही हसले. सुवर्णा हसली नाही.

"मग काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

आणि मी सांगितलं. मला वाटलं, आपण सुनेला मदत करतोय. मी म्हटलं, "साहेब, अडचण नव्हती ती. कोंडाजी होता. आम्हाला विहिरीला शिवू द्यायचे नाहीत. आम्ही खाली हंडे मांडून बसायचो आणि कोंडाजीची मर्जी लागली की तो वरून ओतायचा. मी नऊ वर्षांची. माझा हंडा जरा पुढे सरकला तर त्याने भरलेला हंडा पायाने लवंडला. आई म्हणाली, असू दे, आज हंड्याची आंघोळ झाली. मग दिवस मावळेपर्यंत ती कुणाशी बोलली नाही. दृष्टिकोन वगैरे तिने काही दिला नाही. तिच्यापाशी नव्हता."

आता कुणी हसलं नाही. सरांनी प्रबंध मिटला.

"सुवर्णाताई," ते म्हणाले, "तुमच्या सासूबाई आत्ता दोन मिनिटांत जे बोलल्या, ते या तीनशे पानांत नाही."

"वहीत आहे सर. जसंच्या तसं आहे."

"मग इथे का नाही?"

सुवर्णा समोरचे कागद सरळ करायला लागली. लोक हसतात म्हणून, असं त्या लोकांसमोर कसं सांगणार?

"वहीला पदवी देता येत नाही, बाई," ते म्हणाले. रागाने नाही. त्यांनी लेखी दिलं: चौदाही बायांचं बोलणं मुळात जसं आहे तसं घालावं, त्यावरची प्रकरणं नव्याने लिहावीत, सहा महिन्यांनी पुन्हा सादर करावं.

जून पंधरा दिवसांवर होता.

रिक्षात पेढ्यांचे दोन बॉक्स माझ्या मांडीवर. द्वारका चौकाच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा धम्मपाल माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "आई, नुसतं हो म्हणायचं होतं."

"मला काय माहीत रे?"

"सून तुझी. परीक्षा तिची. हो म्हणायला काय लागतं?"

"धम्मपाल, पुरे," सुवर्णा म्हणाली. "आत्या खरं बोलल्या."

तिने ओरडायला पाहिजे होतं. मला दोन शब्द बोलायला पाहिजे होते. तिने घरी येऊन साडी बदलली, पेढे फ्रीजमध्ये ठेवले आणि डाळ शिजायला लावली. कॉलनीत बातमी आधीच पोचली होती की सुवर्णा डॉक्टर झाली. दोघीजणी हार घेऊन आल्या. तिने हार घेतला, त्यांना पेढे दिले आणि म्हणाली, "थोडं बाकी आहे." त्या गेल्यावर हार कुठे ठेवावा ते कुणालाच कळेना.

मनोज सर दोन दिवसांनी आले. मान खाली. "माझ्यामुळे झालं," म्हणाले.

"तुमच्यामुळे नाही," ती म्हणाली. "सर, मी माझी स्वतःची वाक्यं त्याला दिली असती तर काही बिघडलं नसतं. मी बायांचं बोलणं दिलं. बटण मी दाबलं." आणि पहिली दोन बटणं अजून चालू आहेत का ते तिने त्यांच्यासमोर तपासून घेतलं. तिसरं काढायला सांगितलं. एवढी सरळ बाई आहे ती. मी असते तर लॅपटॉप गोदावरीत टाकला असता.

जागा जूनमध्ये भरली. एक मुलगी आली, तिशीतली, हुशार आहे म्हणतात. पहिल्याच दिवशी तिने सुवर्णाला विचारलं, "मॅडम, तुमच्या अनुभवाच्या काही नोट्स मिळतील का?" सुवर्णाने सोळा वर्षांची फाईल काढून दिली. स्वतः पुन्हा तासिकेचा अर्ज भरला. पुढची कायम जागा कधी निघेल ते कुणाला सांगता येत नाही, आणि निघाली तरी तोवर ती कुठल्या वयात असेल ते सगळ्यांना सांगता येतं.

वह्या तिने परत काढल्या. आता एकेक शब्द स्वतः टाईप करते, बाई जशी बोलली तशी. लांबच्या दोघी तोवर वारल्या होत्या. जिवंत आहेत त्यांच्याकडे जाऊन ती पान वाचून दाखवते, बरोबर आहे ना विचारते, अंगठा किंवा सही घेते. परीक्षकांनी सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवलं.

परवा माझी पाळी आली. स्वयंपाकघरात मी मेथी निवडत होते. ती समोर पाटावर बसली, पान हातात.

"आत्या, नीट ऐका. चुकलं असेल तिथे थांबवा."

तिने वाचायला घेतलं. कोंडाजीचं नाव आलं, मांडलेले हंडे आले. तेवढ्यातच मी म्हटलं, "हो. असंच बोलले मी."

ती थांबली. "अजून पुष्कळ आहे."

"असेना. हो लिही. सही कुठे करू?"

"आत्या, ऐकून तरी घ्या. उद्या कुणी विचारलं तर?"

"कुणीही विचारू दे. मी हो म्हणेन."

तिने पान मांडीवर ठेवलं. माझ्या हातातली मेथी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मला आता तुमचं हो नको आहे हो," आणि पान घेऊन पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.