अख्खं बिस्कीट

ते बिस्कीट खायचे नाहीत, ऐकायचे.

डाव्या कानाशी बिस्कीट धरायचं, डोळे मिटायचे, दोन्ही अंगठे मधोमध टेकवायचे आणि मोडायचं. मग क्षणभर तसंच थांबायचं. "आयक," म्हणायचे, "मगे खा." आवाज पसंत पडला नाही तर तुकडे परत डब्यात आणि चेहऱ्यावर असा भाव, की कोणीतरी भर भजनात पेटी बेसूर दाबली आहे.

बोरीवली पूर्वेला आमची चार मजली, बिनलिफ्टची सोसायटी. ते दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही तेच म्हणते. तुमच्याही इमारतीत असं एखादं घर असेल, ज्याच्या दारातून वास आला की जिना चढणारी पावलं मंदावतात. आमच्याकडे त्या घरापायी सोसायटीची सभा बोलवावी लागली. ते सांगतेच. गणपतीत आमच्याकडे माईक माझ्या हातात असतो आणि लोक मला घड्याळ दाखवून गप्प करतात. इथे घड्याळ दाखवायला कोणी नाही.

काका अंधेरीच्या एका बिस्कीट कारखान्यात भट्टीवर होते. तीनही पाळ्या केल्या, सबंध नोकरी भट्टीच्या तोंडाशी काढली. त्यांचे वडील गिरणीत होते, त्यामुळे "आमच्या घराण्याक भोंगो कळता," असं ते मोठ्या ऐटीत सांगायचे. कारखान्यात कामगारांना तुटका माल मिळायचा. पट्ट्यावर मोडलेली, कोपरे उडालेली, कडेला करपलेली बिस्किटं. काकांनी आयुष्यभर, अगदी निवृत्तीनंतरही, तीच घरी आणली. त्यांच्या फडताळात एक चौकोनी पत्र्याचा डबा असायचा, त्यात कायम तुकडे. काकी सकाळी आणि दुपारी चहाबरोबर त्यातले दोन-तीन घ्यायच्या, बुडवायच्या, खायच्या. त्या घरात अख्खं बिस्कीट मी कधी पाहिलं नव्हतं. आणि काका स्वतः तर तोंडातच घालायचे नाहीत. भट्टीवरच्या माणसाला तो वास पुरे होतो म्हणे.

मग काकींना साखर निघाली.

डॉक्टरांनी छापील कागद दिला. काय खायचं ते एका बाजूला, काय खायचं नाही ते दोन्ही बाजूंना. बिस्कीट दुसऱ्या यादीत, वरून तिसरं. काकी आज्ञाधारक. त्यांनी डबा धुऊन, पुसून, उपडा घातला. आणि चौथ्या दिवशी चहाच सोडला.

"बुडवूक काय नाय, तर चाय कित्या पिऊची?" त्या म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही, हिशेब म्हणून.

त्या दुपारी काका माझ्या दारात उभे. डोक्यावर कारखान्यातली पांढरी सुती टोपी, जी मी त्यांच्या निवृत्तीनंतर प्रथमच पाहत होते.

"तुझ्याकडे तो गोल ओव्हन पडून आसा ना? दी."

मी म्हटलं, "काका, काय करताय?"

"बिस्कीट. मैदो नाय, साखर नाय. अख्खा व्हया आणि चायत बुडवला तर पाच आकडे मोजीपर्यंत तग धरूक व्हया." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिना जन्मभर तुटका खाल्ल्यान गो. आता तां पण नाय?"

एवढंच होतं बघा सगळं. एका बाईला चहात बुडवायला एक अख्खं बिस्कीट. त्यापायी ह्या गृहस्थाने डॉक्टर, मुलगा, सोसायटी आणि बिस्किटाचं शास्त्र अशा चौघांशी एकदम वैर पत्करलं.

मुलगा आणि सून मुलुंडला. सून हुशार आणि मनाने चांगली. तिने मोबाइलवर एका हसऱ्या बाईचा व्हिडिओ दाखवला, बिनपिठाच्या लो-कार्ब कुकीज, दहा मिनिटांत. काकांनी तो चष्मा लावून तीनदा पाहिला.

"हिच्यात कप सांगतत. कोणाचो कप? माझो, तुझो की हिच्या सासूचो?"

"बाबा, अंदाजे असतं ते."

"अंदाजान भट्टी पेटता काय?"

दुसऱ्या दिवशी घरात वजनकाटा आला, ग्रॅमही दाखवणारा. शेंगदाणे भाजून, सालं काढून, कूट झाला. गावाहून आलेलं सुकं खोबरं किसलं गेलं. बदाम, तीळ, वेलची. माझा ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन त्यांनी गॅलरीत स्टुलावर बसवला आणि त्याला ते भट्टी म्हणू लागले. झाकणाच्या काचेतून आत बघत तासन्‌तास उभे राहायचे. जणू आत नातवंड झोपलंय.

पहिला घाणा कानाशी नेण्याआधीच हातात सुटला. दुसरा मोडला, पण मुका. तिसऱ्याला आवाज आला, मी टाळ्या वाजवल्या, आणि चहात घातल्यावर "एक" म्हणायच्या आत तो कपाच्या तळाशी. पीठ नाही, मग धरून ठेवणार कोण? काका चमच्याने गाळ ढवळत म्हणाले, "सगळे आपापले. युनियन नाय हेंच्यात."

अंडं घातलं तर जमत होतं. तीन आकडे, एकदा तर चार. पण काकींचा सोमवार आणि गुरुवार. त्या दिवशी अंडं उंबऱ्याच्या आत नाही. मी म्हटलं, "पाच दिवस खाऊ दे की, दोन दिवस राहू दे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरकले. "सोमवारी चाय नसता?"

एकदा राष्ट्रीय उद्यानातून माकडं आली. गॅलरीत थंड होत ठेवलेलं ताट उचलून एक दांडगा नर समोरच्या कठड्यावर बसला. त्याने एक बिस्कीट चावलं, पाहिलं, आणि खाली टाकलं. मग दुसरं. मग ताटच टाकलं. काका गॅलरीत उभे, कमरेवर हात. "बघूक नको माझ्याकडे," ते माकडाला म्हणाले. "माका पण पसंत नाय."

मुलाचं म्हणणं वेगळं. रविवारी आला की जिन्यापर्यंत ऐकू यायचं. "बाबा, आईच्या जिवाशी खेळ चाललाय हा. शुगर-फ्री बिस्किटं मिळतात ना दुकानात, ती आणा."

"त्या पुड्याच्या पाठी वाच काय लिवलाहा. मोठ्यान वाच."

मुलगा वाचायचा. पहिलाच शब्द मैदा.

"ह्याच्यापरीस मी काय वाईट घालतंय?"

"तुम्ही डॉक्टर नाही बाबा."

"तुझो डॉक्टर भट्टीवर नव्हतो."

पण हे नुसतं तोंडाचं नव्हतं. काका वजनाचा कागद घेऊन दवाखान्यात गेले. किती शेंगदाणे, किती खोबरं, सगळं ग्रॅममध्ये. डॉक्टरांनी कागद नीट वाचला आणि अट घातली. दिवसाला एक, आणि खाऊन झालं की दोन तासांनी बोट टोचून आकडा लिहायचा. आकडा चढला तर बंद. काकांनी मान डोलावली. माझ्या दाराशी येऊन मात्र मला म्हणाले, "चढतलो कसो? मी आसंय ना."

आता सभा.

काकांच्या भट्टीने जुन्या वायरिंगचा फ्यूज तीनदा उडवला होता. तिसऱ्या वेळी सेक्रेटरी अंघोळीत होते. त्यांनी सभा लावली. विषय एकच, दुसऱ्या मजल्यावरील विजेची भट्टी कायमची बंद करणे. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कमिटीने घरी येऊन वायर तपासायची आणि सह्या करायच्या, असं ठरलं.

काका सभेला ताट घेऊन आले.

त्या आठवड्यात त्यांना अंड्याला पर्याय सापडला होता. इसबगोल. पाणी पिऊन फुगतं, सगळ्यांना धरून ठेवतं. त्या हसऱ्या बाईने सांगितलं होतं, चिमूटभर. पण ज्या माणसाने हयातभर पोत्यांनी मैदा मळलेला पाहिला, त्याची चिमूट केवढी असेल याचा विचार करा. कारखान्यात चिमूट म्हणजे घमेलं. वजनकाटा होता, पण बाईने चिमूट म्हटल्यावर ती वजनात कशी बसवायची म्हणून काकांनी ती हाताने घातली.

सभेला आम्ही अकरा जण. चहा होता. बिस्किटं देखणी, मोडताना आवाजही आला. सगळ्यांनी दोन-दोन घेतली, भिडस्त होते त्यांनी तीन. सेक्रेटरींनी "विरोध तत्त्वाचा आहे, बिस्किटाला नाही," असं म्हणून चार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काका टोपी घालून, दार उघडं टाकून, कमिटीची वाट बघत बसले. कोणी आलं नाही. नऊ वाजले. मीही गेले नाही, आणि का गेले नाही ते विचारू नका. आमच्या इमारतीत पाणी फक्त सकाळी असतं. त्या दिवशी वरची टाकी साडेनऊलाच कोरडी पडली, हे मात्र सोसायटीच्या वहीत नोंदलेलं आहे.

अकराच्या सुमारास काका मला जिन्यात भेटले. चेहरा पडलेला. "चिमूट चुकली," म्हणाले.

मला वाटलं, संपलं. पण संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः दुसऱ्या मजल्यावर गेले. इकडेतिकडे बघून, आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "काका, कालचं ते आहे का अजून? बऱ्याच वर्षांनी इतकं मोकळं वाटलं." भट्टीला सकाळी दहा ते बारा परवानगी मिळाली. लेखी.

त्यानंतर काकांनी मोबाइल बाजूला ठेवला. "दोन महिने त्या बायच्या पाठी फिरलंय. माझा डोक्या खंय होता?" त्यांनी अळशी वाटून कोमट पाण्यात भिजवली, वजन करून. गोळा लाटला, कापला, भाजला, पुरता थंड केला आणि पुन्हा मंद आचेवर भाजला. टोस्ट असाच करतात. हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, फक्त विचारायचं राहिलं होतं, ते स्वतःलाच.

तो सोमवार होता. मला हाक आली. काकी पाटावर, पुढे चहा. काकांनी ताटलीतून बिस्किटं आणली, गोल, तांबूस, कडा शाबूत, मध्ये तिळाचा एकेकच दाणा. आधी एक माझ्या कानाशी मोडलं. टक्‌. मग दुसरं माझ्या चहात बुडवून मोठ्याने मोजलं. नऊपर्यंत गेले.

मग तिसरं, अख्खं, त्यांनी काकींच्या हातात दिलं.

काकींनी ते घेतलं, वळवून पाहिलं, आणि दोन्ही हातांनी मधोमध मोडलं.

काकांचा चेहरा मला अजून दिसतो. "अगो, मोडलंस कित्या? अख्खा दिलंय तुका. अख्खा."

"कळला माका." काकींनी अर्धं त्यांच्यापुढे धरलं. "ह्या तुमचा."

"मी खातंय काय बिस्कीट?"

"मी इतकी वर्सां एकटीच खाल्लंय. सकाळची पाळी, दुपारची पाळी, रातपाळी. माझ्या चायक तुमी कधी होतात?" त्यांनी हात मागे घेतला नाही. "तुटक्याचा माका काय नाय. बसा."

काका उभेच होते. मग टोपी काढली, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले, आणि नोकरीला लागल्यापासूनचं पहिलं बिस्कीट खाल्लं. चावत राहिले. "मीठ कमी," म्हणाले.

दोन तासांनी बोट टोचलं. आकडा जिथे होता तिथेच. काकांनी तो कागदावर एवढा मोठा लिहिला, की खाली दुसऱ्या दिवसाला जागा उरली नाही.

तीन वर्षं रोज एक बिस्कीट, दोन अर्धी. गेल्या थंडीत काका गेले. दवाखान्यात पाच दिवस होते. तिथे चहाबरोबर आलेलं बिस्कीट त्यांनी कानाशी मोडलं आणि नर्सला परत दिलं. खाल्लं नाही.

दिवसकार्य झाल्यावर मुलगा आईला मुलुंडला न्यायला आला. ओव्हन भंगारात देऊ, म्हणाला. तो ओव्हन खरं तर माझा, पण मी ते सांगण्याआधीच काकी उठल्या. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली, अंबाड्यावर जेमतेम बसवली आणि वजनकाट्याचं बटण दाबलं.

"दहा वाजले," त्या मुलाला म्हणाल्या. "माका लेखी परवानगी आसा. तू बाजूक हो."

आता भट्टी त्या चालवतात. आकडा अजूनही लिहितात. सेक्रेटरी चुकून आल्यासारखे येतात. मी दुपारी चारला खाली उतरते. काकी डब्यातून एक काढतात, अख्खं, माझ्या कानाशी धरून मोडतात आणि अर्धं मला देतात. मी ते चहात बुडवते आणि, सवयच लागली आहे, मोजू लागते.

चार-पाचवर पोचले की काकी माझा हात कपातून वर काढतात.

"मोजूचा ऱ्हवांदे," म्हणतात. "खा."