उस्तादांची तपासणी

"आधी तपासू, मग लावू." फ्लॉपी कुणाचीही असो, उस्ताद एवढंच म्हणत आणि कोपऱ्यात बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या जुन्या संगणकाकडे वळत.

बीडच्या आमच्या सूतगिरणीत संगणक आले तेव्हा अध्यक्षांनी खोलीवर पाटी लावली: चपला बाहेर काढा. व्हायरस धुळीतून येतो, अशी त्यांची ठाम समजूत. रेडिओ दुरुस्तीचं दुकान सांभाळून रोज अर्धा दिवस येणारे उस्ताद मला म्हणाले, "चपला येऊ द्या हो साहेब. फ्लॉपी तेवढी बाहेर ठिवा."

तपासलेल्या फ्लॉपीवर 'तपासली' अशी चिठ्ठी मी, हेडक्लार्कने, लिहायची. "तुमचं अक्षर लई चांगलं हाय," म्हणत त्यांनी हे काम माझ्या गळ्यात घातलं होतं.

तीन वर्षांनी या कामासाठी इंजिनिअरची कायम जागा निघाली. पदवी किंवा अनुभव, दोन्हींतलं एक चालणार होतं. उस्ताद इस्त्रीचा सदरा घालून मुलाखतीला आले. अध्यक्षांनी औरंगाबादहून एक तज्ज्ञ पाहुणे बोलावले होते. त्यांनी प्रश्न फ्लॉपीतून आणले होते.

"लावा," पाहुणे म्हणाले.

"आधी तपासू."

"परीक्षा तुमची आहे, माझी नाही."

उस्तादांनी तपासली. व्हायरस निघाला. आवाज न चढवता त्यांनी पडदा पाहुण्यांकडे वळवला. मला वाटलं, जागा तिथंच पक्की झाली. मी मूर्ख.

उस्ताद बाहेर जाताच अध्यक्ष माझ्यावर खेकसले, "पाहुण्याची इज्जत घालवली की बे त्यानं. लिव्ह, वरिष्ठांचा मान राखता येत नाही." आणि मी लिहिलं. नकाराचं पत्रही माझ्याच अक्षरात गेलं, त्याच कारणासकट. अध्यक्षांचा राग येतोच, पण त्या दिवशीच्या माझ्या हाताचा जास्त येतो. कापसासारखा मऊ हात, नाही म्हणायला शिकलाच नाही.

जागा पाहुण्यांच्या विद्यार्थ्याला मिळाली. तो अध्यक्षांच्या फ्लॉप्या न तपासता लावी. दोन महिन्यांत सभासदांच्या याद्यांसकट सगळं पुसलं गेलं. अध्यक्षांनी विचारलं काय, तर "चपला घालून आत कोण गेलतं?" मग मलाच उस्तादांना आणायला धाडलं.

ते दुकानात एक उघडा रेडिओ घेऊन बसले होते. मी म्हणालो, "चला उस्ताद, तुमच्याशिवाय भागत नाही."

त्यांनी खणातून पत्र काढलं, माझ्यासमोर उलगडलं, बोटानं ती ओळ दाखवली.

"न्हाई येत, साहेब." पत्राची घडी घालून त्यांनी पुन्हा रेडिओ जवळ ओढला. "तुमचं अक्षर लई चांगलं हाय."