भाट्याच्या धुक्यातली ओ

रत्नागिरीला हवापालटासाठी कधी यावं, असं मागच्या अंकात कुणा भगिनींनी विचारलं होतं. उत्तर मी देते. दर वर्षी हे उत्तर कुणाला ना कुणाला द्यावंच लागतं, तेव्हा एकदा छापून आलं म्हणजे माझीही सुटका होईल.

कार्तिक संपला की या आणि शिमग्याच्या आत परत जा. पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. तो चांगला गार असतो, पण पुण्याकडची मंडळी त्याला हसतात आणि दुसऱ्या दिवशी शिंकत बसतात. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि अंग चिकचिकतं. म्हणून फिरायचं ते कोवळ्या उन्हात. खाडीपलीकडची भाट्याची पुळण त्याला सगळ्यात चांगली. ओहोटीला वाळू अशी घट्ट होते की म्हाताऱ्या माणसांनाही चालवतं. आरे-वारेचा देखावा सुंदर, पण तिथं पाण्यात उतरू नये, लाट पाय ओढते. मळभ आलेलं असलं तर आंबेवाल्यांकडे पाहुणे म्हणून जाऊ नये. मोहोराच्या काळजीनं ते धड बोलत नाहीत. आणि धुकं असलं तर… धुकं असलं तर खाडी ओलांडू नका. घरात बसून आणखी एक कप चहा प्या.

हे शेवटचं का सांगते, त्याची हकिकत आहे. आधीच सांगून ठेवते, भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. खरं म्हणजे विश्वास ठेवायला सवडच नव्हती! हिवाळा आला की आमच्या घरी मुंबई-पुण्याची माणसं उतरायची, ती मोहोर गळेपर्यंत. सकाळी चूल पेटायची ती रात्रीच निवायची. एखादं भूत समोर येऊन उभं राहिलं असतं, तर मी आधी विचारलं असतं, जेवून आलात की पान वाढू?

दिवसभर घरातून हाका. ओसरीवरून यांची, माजघरातून सासूबाईंची, परसातून पाहुण्यांची. आणि प्रत्येक हाकेला मी म्हणायची, "आल्ये, आल्ये हो." हातात परात असो की पाण्याची घागर असो. म्हटलं नाही तर दुसरी हाक यायची आणि तिच्यात राग असायचा, म्हणून पहिल्या हाकेलाच ओ देण्याची सवय लागून गेली होती.

आता दहाएक वर्षं झाली असतील. त्या हिवाळ्यात माझे धाकटे दीर, आमचे भाऊजी, मुंबईहून आले होते. विषमज्वरातून उठलेले. बोटीतून उतरवून घरी आणलं तेव्हा सासूबाईंनी त्यांचं मनगट हातात धरलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हा आता तुझ्या हवाली हो." एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवसापासून मला झोप अशी लागलीच नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, कोरडी हवा, कोवळं ऊन, थोडं चालणं… आणि ओल अजिबात नको. छातीत सर्दी गेली तर मग आमच्या हातात काही नाही.

महिनाभर मी त्यांना अंगणाबाहेर जाऊ दिलं नाही. मग मात्र भाऊजी कंटाळले. "वहिनी, मी काय लोणचं आहे का बरणीत घालून ठेवायला?" चार दिवसांनी त्यांची परतीची बोट होती. जाण्याआधी एकदा तरी भाट्याला जायचं, पुळणीवर फिरायचं, बापूच्या बागेत जेवायचं, असा त्यांनी हट्टच धरला. बापू म्हणजे यांचा चुलतभाऊ. त्याचं घर आणि बाग पलीकडे भाट्यात. तो सकाळी बैलगाडी घेऊन खाडीच्या काठावर थांबेल असं ठरलं. खाडीवर पूल नव्हताच, होडीनं पलीकडे जायचं.

त्या दिवशी मी पहाटेच उठून दशम्या केल्या, खोबऱ्याची चटणी वाटली, फिरकीच्या तांब्यात दूध घेतलं. दार उघडून बघते तर समोरचा दगडी गडगासुद्धा दिसेना, इतकं धुकं. मी म्हटलं, "आज नको." हे म्हणाले, "ऊन पडलं की निवळेल. धक्क्यावर जाईपर्यंत वितळतंय की नाही बघ." भाऊजी तर कानटोपी घालून पायरीवर तयारच होते. मला वाद घालायचा कंटाळा आला. दमलेल्या माणसाला 'हो' म्हणणं सोपं जातं.

धक्क्यावर गेलो तरी धुकं होतं तसंच. होडीवाला गणू कांबळं पांघरून बसला होता. त्याला पडसं झालेलं आणि घसा पार बसलेला. आता इथं एक रीत सांगायला हवी. धुक्यात होडी निघाली की होडीवाला मधूनमधून "होऽऽ" करतो, आणि पलीकडे जो कोणी उभा असेल त्यानं उलट ओ द्यायची. ओ येईल त्या रोखानं होडी वल्हवायची. होडीवाला कुणाचं नाव मात्र कधीच घेत नाही. कारण आमच्याकडे लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेलं असतं, की न दिसणाऱ्यानं नाव घेऊन हाक मारली तर ओ देऊ नये. तिसरी हाक आली तरच द्यावी. 'ते' दोनदाच हाक मारतात म्हणे. मी हे सगळं ऐकून हसायची.

होडीत आम्ही तिघं आणि गणू. निघालो तेव्हा भरती नुकतीच उलटली होती. थोडं पुढं गेल्यावर मागचा धक्का दिसेना आणि पुढचा काठही दिसेना. नुसतं पांढरं. भाऊजींच्या शालीवर दवाचे थेंब दिसायला लागले. मी माझा पदर तोंडावर धरला आणि दुसऱ्या हातानं त्यांची शाल आवळून बसले.

गणूनं "होऽऽ" केलं, पण घशातून आवाजच निघेना, नुसती खरखर. पलीकडून काही नाही. तो पुन्हा ओरडला. तरी काही नाही. ओहोटीची ओढ आता होडीला कळण्याइतकी लागत होती, आणि कुठून तरी लाटा फुटल्याचा आवाज यायला लागला. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, त्यावर समुद्राची लाट फुटते. तिथं होडी गेली तर उलटते, हे रत्नागिरीत कुणाला सांगावं लागत नाही. पण आवाज डावीकडून येतोय की उजवीकडून, तेच कळेना.

गणू वल्हं थांबवून कान देऊन बसला. आमच्या घरच्यांचा धीर सुटला. हे उठून अर्धवट उभे राहिले आणि ओरडले, "बापूऽऽ! अरे बापूऽऽ!"

गणूनं कपाळावर हात मारला. "नाव कशाला घेतलंत, तात्यानू? आता पलीकडनं कोन वो देल?"

हे मटकन खाली बसले. चूक त्यांच्याही लक्षात आली होती. पलीकडे बापू उभा असला तरी तो आता तिसऱ्या हाकेपर्यंत तोंड मिटूनच उभा राहणार, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. होडीच्या तळात पाणी साचलं होतं, भाऊजींचे पाय त्यात भिजले होते आणि त्यांचे दात वाजत होते. मला सासूबाईंचा हात आठवला, भाऊजींचं मनगट धरलेला. देवाचं नावसुद्धा सुचेना. मनात एवढंच आलं, की आता या माणसाला परत कसं न्यायचं…

हे तिसऱ्यांदा हाक मारायला तोंड उघडणार, तेवढ्यात ओ आली.

"आल्ये… आल्ये होऽऽ."

बाईचा आवाज. डाव्या हाताकडून, फार लांबून नव्हे. त्यात घाई नव्हती की भीती नव्हती. कामातून उठून येणारी बाई देते तशी ओ. गणूनं एकदम होडी तिकडे वळवली. पुन्हा आवाज आला, "आल्ये हो," या वेळी आणखी दमलेला. मी खरं सांगते, तेवढ्या संकटातही माझ्या मनात आलं, अगो, कोण ही बिचारी? एवढ्या सकाळी काय काम काढलंय हिनं? किती थकलीय ही!

मला तिची इतकी दया आली की डोळ्यांत पाणी आलं. तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की हे आणि भाऊजी दोघंही आवाजाकडे बघत नाहीयेत. दोघंही माझ्याकडे बघताहेत.

"काय?" मी पदर बाजूला करून विचारलं. यांनी मान फिरवली.

आवाज आणखी दोन-तीनदा आला असेल. मग होडीचा तळ वाळूला घासला. भाऊजींना उतरवलं, आणि थोड्या वेळात ऊन वर येऊन धुकं फाटायला लागलं. मागं वळून बघितलं तर लाट फुटत होती तो दांडा इतक्या जवळ… नको. गणू ते बघून खालीच बसला.

काठावर बापू होता, त्याची गाडी आणि बैल. दुसरं चिटपाखरू नाही.

"बाई कुठाय रे?" मी विचारलं. पुरचुंडी सोडून मी दशमी हातात काढून ठेवली होती, त्या बाईला द्यायला.

"कुठची बाई? इथं मी पहाटेपासून एकटाच आहे की, वहिनी."

"ओ कुणी दिली मग?"

"ओ?" बापूचा चेहरा उतरला. "मी कशाला ओ देतोय! दोनदा हाक आली, आवाज तात्याचाच वाटला. म्हटलं, तिसरी येऊ दे, मग बघू. आणि ओ म्हणाल तर… मी कुणाची ऐकली नाही."

वाळूत कुणाची पावलं आहेत का, ते बघावं असं मला तेव्हा सुचलंच नाही. भाऊजींचे पाय कोरडे करायचे होते, शेकोटी करायची होती, दूध तापवायचं होतं. दशमी बैलाला घातली.

भाऊजींना काही झालं नाही. साधी शिंकही आली नाही. दिवसभर बागेत ऊन खात पडले, चार घास जास्त जेवले. परत येताना खाडी आरशासारखी स्वच्छ होती.

चार दिवसांनी त्यांना बोटीवर पोचवायला गेलो. सामान बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढवलं, हे हमालाशी हुज्जत घालत होते. भाऊजी वाकून माझ्या पाया पडले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, त्या दिवशीची ओ… तो तुमचा आवाज होता. मी लहानपणापासून ऐकतोय तो. पण तुम्ही तर तोंडावर पदर धरून बसला होतात. तात्यानंही ऐकलं. त्याला विचारू नका."

मी विचारलं नाही. आपला आवाज दुसऱ्याला कसा ऐकू येतो, हे आपल्याला कुठं ठाऊक असतं? मला ती कुणीतरी परकी, दमलेली बाई वाटली होती. भाऊजींना तापाची कसर असेल म्हणावं, तर यांना कुठं ताप होता? आणि धुक्यात आवाज उलटून येतो म्हणावं, तर उलटायला आधी मी तोंड तर उघडायला हवं होतं ना! बापू तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिला. जी कोणी होती, ती मात्र तिसरीची वाट न बघता उठली, आणि तेसुद्धा दुसऱ्याच्या नावाच्या हाकेला.

यांनी त्याबद्दल आजवर एक अक्षर काढलेलं नाही. पण भाट्याहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी चुलीपाशी होते, आणि हे स्वतः उठून आत आले. तांब्या घेतला, माठातलं पाणी ओतून घेतलं, आणि उभ्याउभ्याच प्यायले. मी म्हटलं, "हाक मारायची होतीत." हे तांब्याकडे बघत म्हणाले, "नको." त्याला इतकी वर्षं झाली. ओसरीवरून यांनी मला पुन्हा कधी हाक मारली नाही.

धुकं पडलेल्या सकाळी मी अजूनही परसदारी जरा वेळ उभी राहते. ती कोण होती, मला माहीत नाही, आणि कळेल असंही वाटत नाही. तिला हाक मारून सांगावंसं वाटतं, बाई गो, बस आता घटकाभर. पण मारत नाही. हाक मारली की ती उठून येईल.