गाड्यांची शेजपाळी

"तुमी करता काय?" असं कुणी विचारलं की कौसल्याकाकी सांगायच्या, "पाळी लावते." ऐकणारा बावचळायचा. मग काकी सावकाश उलगडून सांगायच्या. आधी बारा वर्षं कळसच्या पाणी वापर संस्थेत कालव्याच्या पाण्याची शेजपाळी लावली, म्हणजे कुणाच्या शेतात कधी आणि किती तास पाणी जायचं ते ठरवलं. आता तीन वर्षं विजेच्या गाड्यांची लावतात. पाणी काय अन् वीज काय, पुरवठा थोडा आणि घागरी फार. मधे एक खमकं माणूस लागतंच, आणि खमकेपणात काकींचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. सख्ख्या दिराचा ऊस वाळत होता तेव्हा दीर दारात येऊन बसला. काकींनी त्याला चहा दिला, पोहे दिले, पाणी मात्र मंगळवारी, त्याच्या पाळीलाच सोडलं.

वरकुट्याच्या फाट्याला, हायवेला लागून, त्यांच्या घरची दोन एकर मुरमाड जमीन होती. तिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. काकींनी तिला तारेचं कुंपण घातलं, पत्र्याची शेड टाकली आणि गाडीतळ काढला. अकलूज, टेंभुर्णी, बावड्याकडची माणसं मुंबईहून विमानानं पोराबाळांकडं जातात, कुणी पंधरा दिवस, कुणी तीन महिने. विजेची गाडी मुंबईपर्यंत दम टिकवते, पण तिथं पंधरा दिवस उभी राहून परत यायचं म्हणजे पंचाईत. उतरल्यावर चार्जिंगचा पॉइंट मोकळा मिळाला तर नशीब. त्यापेक्षा गाडी काकींच्या तळावर लावायची, चावी त्यांच्या हातात द्यायची, त्यांच्या मिनीबसनं विमानतळ गाठायचं आणि परत येऊन भरलेल्या गाडीत बसून घरी जायचं. 'उतरशील तेव्हा गाडी तयार', हा काकींचा शब्द. तीन वर्षांत तो एकदाही खाली पडला नव्हता, आणि हे त्या दिवसातून चारदा तरी ऐकवायच्या.

गाड्या तीस-पस्तीस आणि डीपीवर लोड मिळालेला आठ पॉइंटचा. पुण्याच्या एका पोरानं येऊन चार्जिंगची पाळी लावणारं ॲप दाखवलं होतं. काकींनी ते शांतपणे बघितलं आणि विचारलं, "ह्यात टेलवाल्याचं काय?" पोराला टेल म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. कालव्याचा नियम असा की पाणी आधी टेलला, म्हणजे चारीच्या शेवटच्या शेताला, आणि मग सरकत सरकत तोंडाकडं. तोंडावरच्याला काय, त्याला कधीही मिळतं. काकींनी हाच नियम गाड्यांना लावला. वहीत गाडीपुढं मालकाचं गाव लिहायचं. ज्याचं गाव लांब त्याची गाडी आधी भरायची, जवळच्याची शेवटी. नीरा नरसिंहपूरच्या सर्जेराव तात्यांची गाडी आल्या आल्या नव्वद टक्के. वरकुट्यातल्या वृषालीची गाडी कोपऱ्यात, चौदा टक्क्यांवर. तिला चार किलोमीटर तर जायचं! सगळे म्हणायचे, काकींचा हिशेब चोख.

वृषाली नवऱ्याकडं मस्कतला गेली होती. त्या रविवारी सकाळी दहाला बस आली. बाकीची सहा माणसं आपापल्या गाड्या घेऊन अकलूजच्या वाटेला लागली. वृषाली मात्र शेडमागच्या खोलीत जाऊन, हिरवी पैठणी नेसून, केसात गजरा माळून बाहेर आली.

"अगं बया! घरी जायला एवढा थाट?" काकींनी छेडलं.

"घरी न्हाय मावशी. माहेरी, लोणी भापकरला. भावाच्या लेकीचं बारसं हाय. बारा वाजता पाळणा."

काकींच्या हातातली चावी हातातच राहिली. लोणी भापकर म्हणजे पाऊणशे किलोमीटर. चौदा टक्क्यांत गाडी निम्म्या वाटेलाही पोचली नसती.

"पोरी," काकी म्हणाल्या, "तुझी गाडी भरलेली न्हाय."

वृषाली आधी हसली, तिला थट्टाच वाटली. मग तिनं काकींचं तोंड बघितलं आणि मटकन खाटेवर बसली.

"मावशी, तिसरी मुलगी हाय. आईनं फोनवर सांगितलंय, हिचं नाव नकोशी ठिवायचं, म्हणजे पुढचा पोरगा हुईल. भाऊ गप, वहिनी नुसती रडतीया. नाव ठिवायचा मान आत्याचा. मी आईला म्हणलं, मी आल्याबिगर पाळण्याला हात लावायचा न्हाय. ती म्हणली, बाराचा मुहूर्त हाय, आलीस तर तू, न्हायतर मी. आन् आमची आई, प्रयागबाई, बोलली की बोलली! म्हणून तर मी तिकीट बदलून आले."

 आयुष्यात काकींचा हिशेब चुकला नव्हता, आणि चुकला तो असा. एका लेकरानं जन्मभर, शाळेच्या हजेरीत, लग्नाच्या पत्रिकेत, 'नकोशी' म्हणून हाकेला ओ द्यायची, आणि का, तर काकींच्या वहीत तिच्या आत्याचं गाव जवळचं होतं म्हणून.

"चूक माझी हाय," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "मी गाव लिवलं, तू जाणार कुठं ते इचारलं न्हाय. शेत जागचं हलत न्हाय गं, गाडी हलती. एवढी साधी गोष्ट ह्या डोस्क्यात आली न्हाय."

बोलत बोलतच त्यांनी पॉइंटची गन वृषालीच्या गाडीला लावली. पण हे पॉइंट सावकाश भरणारे. कामापुरतं भरायला दीड तास, पुढं दीड तासाची वाट. इंदापुरात झटपट भरणारा पॉइंट होता, पण फोन केला तर पुढं चार गाड्यांची रांग. भाड्याच्या गाडीसाठी तीन फोन केले. लग्नाची दाट तिथ, एक चाक मोकळं नाही. बस अकरा वाजता पुढच्या प्रवाशांना घेऊन निघायची, तिच्यात आठ जणांची विमानं अडकलेली.

बसचा ड्रायव्हर राजवर्धन चहा पीत हे सगळं बघत होता. "काकी, एवढं कशाला? तुमच्या खिळ्याला तीस चाव्या लटकल्यात. त्या सर्जेरावाची काढा की. नव्वद टक्के हाय. म्हातारा कॅनडाला, गुरवारी येणार. तवर परत भरून ठिवू. कुणाला कळतंय?"

वृषालीनं मान वर केली. डोळ्यांत आशा मावत नव्हती.

काकी खिळ्यापाशी गेल्यासुद्धा. चावी हातात घेतली. बाकी कुणी असतं तर तिथंच विषय संपला असता. पण बारा वर्षं ज्या बाईनं रात्री दुसऱ्याच्या चारीचं दार उचलून पाणी पळवणाऱ्यांना भर बैठकीत उभं केलं, तिच्या हातून न विचारता दुसऱ्याची गाडी सुटेल कशी? आणि वेळ तर अशी की न सोडावी तर लेकराचा जन्म नासतोय.

"चोरून न्हाय," काकी म्हणाल्या. "उसनी घेऊ. शेतकरी पाळी उसनी देतोच की एकमेकाला. पर मागावी लागती."

"काकी, तिकडं आत्ता मध्यरात्र आसंल!"

"मग उठव म्हातारा."

सर्जेराव तात्या म्हणजे सरळ माणूस नव्हे. गाडी लावताना चावी सोडायला त्यांनी पाऊण तास घातला होता. 'माझ्या गाडीला माझ्याशिवाय कुणी हात लावलेला मला चालत न्हाय,' असं तीनदा बजावून गेले होते. फोन वाजत राहिला. सातव्या रिंगला तात्या खेकसले, "कोन मेलं?"

"कुणी न्हाय मेलं तात्या, कौसल्या बोलते, वरकुट्याच्या तळावरनं. माझ्याकडनं चूक झालीया आन् ती निस्तरायला तुमची गाडी पायजे." काकींनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. पैठणीतली आत्या, बाराचा मुहूर्त, प्रयागबाई, नकोशी. "न्हाय म्हणलात तर न्हाय. पर लवकर म्हणा, पोरीचा वेळ जातोय."

पलीकडं खाट करकरली, दिव्याचं बटण टक्कन वाजलं. राजवर्धननं तोंड वाकडं केलं. वृषालीनं डोळे मिटून घेतले.

"कौसल्याबाई," तात्यांचा आवाज एकदम खाली आला, "मी आत्ता कुणाच्या घरात झोपलोय म्हाईत हाय? लेकीच्या. चौथी हाय ती माझी. झाली तवा मी दोन दीस घरी गेलो न्हवतो, तोंड बघायला नगं म्हणून." मग घसा खाकरून ते पुन्हा खेकसले, "बोलत काय बसलाय? चावी द्या तिला! आन् सांगा, बारामतीतनं जाऊ नगं म्हणावं, बाजूचा रस्ता धर, गर्दी लागती."

साडेदहाला गाडी फाटकातून बाहेर पडली. वृषालीनं आभार मानले नाहीत, मागं वळूनही बघितलं नाही, आणि काकींना तेच बरं वाटलं.

मग काकींनी वही उघडली आणि एकेका मालकाला फोन लावायला घेतले. "उतरल्यावर कुठं जाणार?" एक म्हणाला घरी, एक म्हणाला थेट कोल्हापूरला, एकीला पुण्याच्या दवाखान्यात आईला बघायला जायचं होतं. काकी खोडत होत्या, लिहीत होत्या, आणि दर पाच मिनिटांनी घड्याळाकडं बघत होत्या. बारा वाजले. सव्वाबारा झाले. त्यांनी एक गन या गाडीतून काढून त्या गाडीला लावली, ती चुकीची निघाली, परत काढली. जेवण तसंच झाकून राहिलं.

पाऊण वाजता फोन आला. आधी नुसता बायकांचा कालवा, मग वृषालीचा धापा टाकत आवाज. "मावशी! पाच मिनिटं उशीर झाला. आई पाळण्यापाशी वाकलीच हुती. भावानं तिचा हात धरला, म्हणला, गाडी दारात आलीया, थांब. मावशी, त्यानं हात धरला आईचा! मी नाव ठिवलं. आत्याच्या पाठीत धपाटे घालायच्या वक्ताला पहिला धपाटा आईनंच घातला, असा हाणला की अजून पाठ हुळहुळतीया."

काकींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी ते पदरानं पुसलं आणि राजवर्धनला फोन लावून बस कुठवर पोचली म्हणून उगीच चौकशी केली. मग त्यांच्या ध्यानात आलं, तात्यांना कळवायला पाहिजे. पण तिकडं आता पहाटेचे तीन वाजले असतील. सकाळी करावा म्हणून त्यांनी फोन खाली ठेवला, परत उचलला आणि लावलाच.

पहिली रिंग पुरती वाजलीही नाही. तात्यांनी ना हॅलो म्हटलं, ना कोण म्हणून विचारलं.

"नाव काय ठिवलं?"

"माधवी," काकी म्हणाल्या.

"माधवी," तात्या म्हणाले. आणि फोन तसाच कानाला धरून त्यांनी तिकडं, झोपलेल्या घरात, आपल्या त्या चौथ्या लेकीला हाक मारली.